बॉटने वाचवलेले तास मोजले, ते गेले कुठे?

वजाबाकी · सोमवार, रात्री ११:४०

मंडळी, बरेच दिवस लिहायचं होतं, धीर होत नव्हता. या विषयावर लिहिणारे एकतर नोकरी गेलेले असतात नाहीतर व्यवस्थापनातले. मी तिसरीच आहे. ज्याच्यामुळे कामं गेली ते सॉफ्टवेअर, म्हणजे हा बॉट, मी लिहिलं.

आधी काम काय होतं ते सांगते. देणी विभाग, म्हणजे अकाउंट्स पेएबल. पुरवठादाराचं बिल येतं, ते परचेस ऑर्डरशी आणि माल मिळाल्याच्या नोंदीशी (जीआरएन) ताडून बघायचं. तिन्ही जुळले की पेमेंटला पाठवायचं, नाही जुळले की बाजूला काढून फोन करत बसायचं. नऊ जणांची टीम दिवसभर हेच करायची. डाव्या स्क्रीनवर बिलाची पीडीएफ, उजव्या स्क्रीनवर ईआरपी (कंपनीचं हिशोबाचं सॉफ्टवेअर), आणि मान सतत इकडून तिकडे.

त्या नवांत एक बाई एकवीस वर्षं होत्या. त्यांची एक लांबट वही होती. कोणता पुरवठादार काय घोळ घालतो ते सगळं त्यात. एक जण तेच बिल महिन्याभराने परत पाठवतो आणि नंबरच्या शेवटी नुसता एक डॅश जोडतो, त्यामुळे सिस्टीमला ते नवीन बिल वाटतं. दुसरा वाहतूक खर्चाचं बिल वेगळं पाठवतो आणि त्यावर ऑर्डर नंबर घालायला हमखास विसरतो. तिसऱ्याची क्रेडिट नोट (बिलातून रक्कम वजा करायची चिठ्ठी) बिलाच्या आधीच येऊन थडकते. मी तीन आठवडे त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून ती वही नियमांत उतरवली. त्या हौसेने सांगत होत्या, मध्येच थांबून "हे लिहिलंस ना?" असं विचारत होत्या. वहीच्या आधी बॉट दहातली सहा बिलं हात न लावता जुळवायचा. वहीनंतर नऊ.

कोणालाही काढलं नाही. हे वाक्य वरिष्ठ अजूनही अभिमानाने म्हणतात, आणि ते खोटं नाही. एक जण निवृत्त झाले, ती जागा भरली नाही. दोघांची कंत्राटं वाढवली नाहीत. दोघं दुसऱ्या विभागात गेले. एक कंटाळून स्वतःच गेली. वहीवाल्या बाईंना न जुळलेली बिलं बघायची 'नवी भूमिका' दिली, वर्षभराने ती भूमिकाही गुंडाळली. आज दोघं उरलेत.

माझ्या प्रेझेंटेशनच्या शेवटच्या स्लाइडवर 'वाचलेले तास' असा मोठ्या अक्षरात आकडा होता. टाळ्या पडल्या. ते तास कोणाच्या पदरात पडले, असा रकानाच नव्हता.

हे थांबवायला हवं होतं असं मला वाटत नाही. काम कंटाळवाणं होतं, चुका व्हायच्या, लहान पुरवठादारांचे पैसे आठवडेच्या आठवडे अडकायचे. प्रश्न वाटणीचा आहे. तुम्ही माझ्या जागी असता तर काय मागितलं असतं, आणि कोणाकडे?

---

टाचणी · सोमवार, रात्री ११:५८

छान लिहिलंय, पण एवढं मनाला लावून घेऊ नका. एटीएमचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगतो. पहिलं यंत्र १९६७ मध्ये लंडनमध्ये बसलं, तेव्हापासून कॅशियरचं काम संपणार असं म्हणत होते. अमेरिकेत झालं उलटंच. जेम्स बेसन या अर्थतज्ज्ञाने मांडलेला हिशोब असा की शहरी शाखेत १९८८ मध्ये सरासरी २० टेलर (म्हणजे खिडकीवरचे कॅशियर) लागायचे, २००४ मध्ये १३. पण शाखा चालवणं स्वस्त झाल्यामुळे शाखांची संख्या ४० टक्क्यांहून जास्त वाढली, आणि टेलरची एकूण संख्या घटली नाही. नोटा मोजायचं काम यंत्राकडे गेलं, माणसं ग्राहकांशी बोलायला लागली.

काम स्वस्त झालं की त्याची मागणी वाढते. स्प्रेडशीट आल्यावर हिशोबनीस संपले का?

---

हातोडी · मंगळवार, सकाळी ७:१२

एवढं वाईट वाटत असेल तर बॉट बंद करा की. नाहीतर राजीनामा द्या. नक्राश्रू नकोत.

---

आडवाट · मंगळवार, सकाळी ९:०५

@हातोडी, त्यांनी राजीनामा दिला तर दुसरं कोणीतरी तोच बॉट लिहील आणि असा धागाही काढणार नाही. असो.

@टाचणी, एटीएमची गोष्ट तुम्ही मध्यंतरापर्यंतच सांगितलीत. शाखा वाढल्या त्यात अमेरिकेतल्या बँकांना दुसऱ्या राज्यांत शाखा उघडायची मोकळीक देणाऱ्या १९९४ च्या कायद्याचाही हात होता, सगळं श्रेय यंत्राला जात नाही. आणि २०१० नंतर फोनवर बँकिंग आलं, शाखेत जायचं कारणच उरलं नाही, तेव्हा टेलर कमी व्हायला लागलेच. पहिल्या यंत्राने कामाचा एक तुकडा खाल्ला होता. दुसऱ्याने जागाच खाल्ली.

मला टेलिफोन ऑपरेटरांचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. १९२० च्या सुमारास अमेरिकेत तरुण मुलींसाठी ही मोठ्या भरतीची नोकरी होती. मग एकेका शहरात स्वयंचलित एक्सचेंज येत गेलं. फायगेनबॉम आणि ग्रॉस या दोघांनी जनगणनेच्या नोंदी जोडून बघितलं की त्या मुलींचं पुढे काय झालं. त्यांना दोन उत्तरं मिळाली आणि दोन्ही खरी आहेत. नंतरच्या पिढीतल्या मुलींचा रोजगार घटला नाही, त्या टायपिस्ट, सेक्रेटरी, वेट्रेस झाल्या. पण ज्या आधीपासून ऑपरेटर होत्या, त्या दहा वर्षांनंतर कमी पगाराच्या कामात किंवा कामाबाहेर असण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं.

म्हणजे सरासरीने बघितलं तर सगळं ठीक. पण नव्या नोकऱ्या नंतर आलेल्या मुलीला मिळाल्या, जुनी गेली ती आधीपासून काम करणाऱ्या बाईची. या दोघींची सरासरी काढून कोणाचं समाधान होणार?

---

ओळीमागेओळ · मंगळवार, दुपारी १:३०

मी भाषांतरकार. माझी नोकरी गेलेली नाही, कारण मला नोकरी कधी नव्हतीच, मी शब्दावर काम करते. आमच्याकडे हे फार आधी सुरू झालं, म्हणून लिहिते.

नव्वदीच्या दशकात ट्रान्सलेशन मेमरीची सॉफ्टवेअरं आली. तुम्ही पूर्वी केलेलं वाक्य ते लक्षात ठेवतं. नवीन वाक्य जुन्याशी ८५ टक्के जुळलं तर जुनं समोर आणून ठेवतं. आम्हाला वाटलं, वा, टंकायचा त्रास वाचला. मग एजन्सीने बिलात तक्ता घातला: नवा शब्द पूर्ण दर, ८५ टक्के जुळलेला त्याहून कमी, शंभर टक्के जुळलेला जवळजवळ फुकट. जुळलेलं वाक्य कोणाचं होतं? माझंच, मागच्या वर्षीचं.

आता काम येतं ते 'पोस्ट-एडिटिंग' या नावाने. यंत्राने केलेलं भाषांतर येतं, ते फक्त 'बघून' द्यायचं. फक्त! काल एका उपकरणाच्या माहितीपत्रकात यंत्राने 'वापरण्यापूर्वी झाकण काढू नये' याचं 'वापरण्यापूर्वी झाकण काढावे' केलं होतं. वाक्य इतकं गुळगुळीत की डोळा घसरून पुढे गेला, तीन ओळींनंतर मागे आले. वाईट भाषांतर तपासणं सोपं असतं, ते लगेच टोचतं. चांगलं दिसणारं चुकीचं भाषांतर तपासायला मूळ भाषांतराइतकाच वेळ लागतो. दर मात्र तपासणीचा.

म्हणून 'किती नोकऱ्या गेल्या' हा आकडा मला नेहमी अपुरा वाटतो. आम्ही सगळे आकडेवारीत कामावरच आहोत.

---

वजाबाकी · मंगळवार, दुपारी २:१५

ओळीमागेओळ, "जुळलेलं वाक्य माझंच होतं" हे वाचून एकदम ती वही आठवली.

---

शून्यअनुभव · मंगळवार, दुपारी ४:४७

पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. तुम्ही सगळे असलेलं काम जाण्याबद्दल बोलताय. मला अजून मिळालेलंच नाही.

पूर्वी नवीन मुलाला काय द्यायचे? टेस्ट केसेस लिही, लहान बग सोडव, मीटिंगचे मुद्दे लिही, डेटा साफ कर. कंटाळवाणं असायचं, पण त्यातूनच आत शिरता यायचं. आता नेमकं तेच यंत्राकडे गेलंय. जाहिरातीत 'फ्रेशर' लिहितात आणि खाली दोन वर्षांचा अनुभव मागतात. मुलाखतीत एकाने प्रांजळपणे सांगितलं, "तुला शिकवायला जो सीनियर बसवायचा, तो टूल घेऊन तेवढ्या वेळात तुझं काम स्वतः उरकतो."

२०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या एरिक ब्रिन्योल्फसन यांच्या गटाने अमेरिकेतल्या पगाराच्या नोंदी तपासल्या. एआयची झळ जास्त लागू शकते अशा कामांत २२ ते २५ वयाच्या लोकांचा रोजगार सापेक्षतः १३ टक्के घटलेला दिसला. त्याच कामांतले अनुभवी लोक टिकून होते. कारण एआयच की आणखी काही, यावर वाद आहेत, मान्य. पण मला कोणी हे सांगावं की दहा वर्षांनी सीनियर कुठून आणणार आहेत?

---

टाचणी · मंगळवार, संध्याकाळी ६:२०

हे मात्र खरंच बिनतोड आहे. माझ्या टीममध्ये दोन वर्षांत एकही फ्रेशर घेतला नाही, आणि ते माझ्या आत्ता लक्षात आलं.

---

करवैतागलेला · मंगळवार, रात्री ९:०३

आता उपायांकडे या. रोबोटवर कर ही कल्पना बिल गेट्स यांनी २०१७ मध्ये बोलून दाखवली तेव्हा गाजली होती. ऐकायला गोड आहे, पण वजाबाकीताईंच्या बॉटला नग म्हणून मोजणार कसं? तो एका सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम. एकाचे तीन केले तर कर तिप्पट का? एक्सेलमधला मॅक्रो (तेच ते काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) रोबोट धरायचा का? करवसुलीवाले आणि वकील यांनाच त्यातून रोजगार मिळेल.

दक्षिण कोरियाने त्याच वर्षी जरा शहाणपणाचं पाऊल उचललं. नवा कर न लावता स्वयंचलनातल्या गुंतवणुकीवर मिळणारी करसवलत कमी केली. दुखणं खरं तिथेच आहे. असेमोग्लू, मानेरा आणि रेस्त्रेपो यांनी अमेरिकेचा हिशोब मांडलाय: माणसाच्या श्रमावर प्रत्यक्षात पडणारा कराचा बोजा २५ टक्क्यांच्या वर, आणि यंत्रसामग्री व सॉफ्टवेअरवर अलीकडच्या काळात ५ टक्क्यांच्या आसपास. माणूस ठेवला तर दंड, यंत्र घेतलं तर बक्षीस. अशा वेळी यंत्र माणसाहून थोडंसं वाईट काम करत असलं तरी ताळेबंदात परवडतं. ग्राहकसेवेचा फोन फिरवून बघा, 'आपला कॉल महत्त्वाचा आहे' म्हणणारं ते यंत्र त्याच जातीचं. काम यंत्राने घेतलं, उत्पादकता म्हणावी तर फारशी वाढली नाही, आणि राहिलेलं काम तुमच्या डोक्यावर टाकलं.

अवांतर: मूलभूत उत्पन्नावर (सगळ्यांना विनाअट ठरावीक रक्कम द्यायची ती कल्पना) आता तीन पानं वाद होणार, म्हणून आधीच आटोपतो. फिनलंडने २०१७-१८ मध्ये २००० बेरोजगारांना महिना ५६० युरो विनाअट देऊन पाहिले. लोक आळशी झाले नाहीत, मनःस्वास्थ्य सुधारलं, रोजगारात फरक किरकोळच. पैशाने दार ठोठावायला वेळ मिळतो. पलीकडे कोणी दार उघडेल याची हमी त्यात नाही.

---

फळाडस्टर · बुधवार, सकाळी ८:१०

'नवीन कौशल्यं शिका' हे वाक्य ज्यांना ऐकवलं जातं त्यांना मी शिकवते, म्हणून दोन शब्द.

माझ्या वर्गात गेल्या खेपेला बावीस जण होते, बहुतेक पंचेचाळिशीच्या पुढचे, डेटा एंट्री आणि बॅक ऑफिसमधले. शिकण्यात कोणी कमी नव्हतं. एक गृहस्थ पहिल्या दिवशी माउस न वापरता नुसत्या कीबोर्डवर एवढ्या वेगाने पत्रक भरत होते की मीच बघत राहिले. त्यांनी विचारलं, "मॅडम, हा कोर्स झाला की कुठे अर्ज करायचा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्यांनी अभ्यासक्रम ठरवला त्यांच्याकडेही नव्हतं. कोर्स आधी, नोकरी नंतर बघू, असा सगळा उलटा कारभार.

त्यातून नोकरी गेल्यावर सहा महिन्यांनी माणूस वर्गात येतो तेव्हा बचत संपलेली असते, उमेद खचलेली असते. स्वीडनमध्ये हे जरा नीट रचलंय. तिथे मालक संघटना आणि कामगार संघटनांनी मिळून चालवलेल्या परिषदा आहेत, पहिली १९७४ पासूनची. त्यांचा पैसा कंपन्यांच्या पगारखर्चातून दरवर्षी आधीच जमा होत असतो. नोटीस हातात पडली की सल्लागार लगेच कामाला लागतो, बहुतेकदा माणूस जुन्या खुर्चीत असतानाच. आपण आग लागल्यावर विहिरीचा खर्च मंजूर करायला समिती नेमतो.

---

सहीशिक्का · बुधवार, दुपारी १२:४०

आयुष्य संघटनेच्या कामात गेलं, त्यामुळे वजाबाकीताईंच्या मूळ प्रश्नाला हात घालतो: काय मागायचं आणि कोणाकडे.

आधी एक गैरसमज. यंत्रं फोडणारे लडाइट म्हणजे अडाणी आणि प्रगतीचे शत्रू असं आपण सर्रास म्हणतो. १८११ साली नॉटिंगहॅमशायरमध्ये ज्यांनी मोजे विणायची यंत्रं फोडली ते त्याच यंत्रांवर वर्षानुवर्षं काम करणारे कारागीर होते. त्यांचा राग होता शिकाऊ हातांकडून निकृष्ट माल काढून मजुरी पाडण्यावर. म्हणणं ऐकून घेण्याऐवजी पुढच्याच वर्षी संसदेने यंत्र फोडण्याला फाशीची शिक्षा लावली. आणि त्यानंतर कितीतरी वर्षं ब्रिटनमध्ये दर कामगारामागचं उत्पादन वाढत राहिलं, मजुरी मात्र त्यामानाने जेमतेम हलली. 'शेवटी सगळ्यांचं भलं होतं' म्हणणाऱ्यांनी तो 'शेवट' यायला किती पिढ्या लागल्या तेही सांगावं.

आता दुसरं टोक. १९५६ मध्ये अमेरिकेत मालाचे कंटेनर घेऊन पहिलं जहाज निघालं, ५८ पेट्या होत्या त्यावर. गोदी कामगारांना कळून चुकलं की पाठीवरून पोती वाहायचे दिवस भरले. पश्चिम किनाऱ्यावरच्या त्यांच्या संघटनेचा नेता हॅरी ब्रिजेस, मोठा कडवा माणूस. त्याने यंत्रं अडवून धरायची नाहीत असं ठरवलं आणि १९६० मध्ये करार केला: तुम्ही हवी ती यंत्रं आणा, जुने कामाचे नियम आम्ही सोडतो, पण त्यातून वाचणाऱ्या पैशातला वाटा एका निधीत टाका. त्या निधीतून नोंदणीकृत कामगारांना कामावरून न काढण्याची हमी आणि लवकर निवृत्त होणाऱ्यांना रक्कम.

करार गुळगुळीत करून सांगत नाही. हमी मिळाली ती पक्क्या नोंदणीच्या लोकांना. दुय्यम नोंदणीचे आणि रोजंदारीवरचे बाहेरच राहिले. ताईंच्या टीममधले ते दोन कंत्राटी, तसेच. पण मोलभाव झाला तो यंत्र येण्याच्या वेळी, आल्यावर नाही. क्रेन बसून सुरू झाल्यावर तुमच्याकडे द्यायला काय उरतं? हरकत मागे घेण्याला किंमत असते ती तोवरच.

२०२३ मध्ये हॉलिवूडच्या पटकथालेखकांनी १४८ दिवस संप केला तो असाच वेळेवर होता. एआय वापरायची सक्ती लेखकावर करता येणार नाही, आणि एआयने लिहिलेलं काही लेखकाच्या हातात दिलं तर तसं सांगावं लागेल, एवढं त्यांनी करारात घालून घेतलं. ओळीमागेओळ, तुमच्या धंद्यात प्रत्येक जण एकटा एजन्सीशी बोलतो, तिथेच तुमचा घात झाला.

---

ओळीमागेओळ · बुधवार, दुपारी १:०५

घात झाला हे कबूल. पण आम्ही वीस देशांत विखुरलेले आणि एकमेकांचे दर पाडणारे. करार कोणाशी आणि कोणाच्या वतीने करणार?

---

सहीशिक्का · बुधवार, दुपारी १:२२

याचं उत्तर माझ्याकडे नाही. गोदी एका जागी असते, ती उचलून नेता येत नाही. तुमचं काम एका क्लिकवर दुसऱ्या खंडात जातं. तिथे संघटनेच्या आधी कायदा लागेल असं मला वाटतं, निदान कोणाच्या कामावर यंत्र शिकवलं ते जाहीर करायची सक्ती तरी.

---

आडवाट · बुधवार, दुपारी ३:५०

वहीच्या मुद्द्याला पूरक. २०२३ मध्ये ब्रिन्योल्फसन आणि सहकाऱ्यांनीच पाच हजारांहून जास्त ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांवरचा एक अभ्यास मांडला. चॅटवर उत्तर सुचवणारं टूल दिल्यावर तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी सुमारे १४ टक्क्यांनी वाढल्या, नवख्यांच्या तर ३४ टक्क्यांनी. सगळ्यात मुरलेल्यांना जवळजवळ काहीच फायदा नाही. कारण उघड आहे: टूल जे सुचवत होतं ते मुरलेल्यांच्याच जुन्या संभाषणांतून उचललेलं होतं. नवख्याला ते आयतं मिळालं, हे चांगलंच. पण ज्याच्याकडून उचललं त्याचं कसब आता सगळ्यांकडे आहे, म्हणजे त्याला जास्त पगार द्यायचं कारण संपलं.

मला वाटतं कायद्यात नवीन काही हवं असेल तर ते इथे हवं. शोध लावणाऱ्याला पेटंट आहे, गाणाऱ्याला रॉयल्टी आहे. एकवीस वर्षांच्या वहीला काय आहे?

---

हातोडी · बुधवार, संध्याकाळी ५:१८

वही ऑफिसच्या वेळेत लिहिली ना? मग ती कंपनीची. पगार घेतलाय.

---

करवैतागलेला · बुधवार, संध्याकाळी ५:४०

@हातोडी, कायद्याने बहुधा बरोबर, आणि म्हणून तर प्रश्न आहे. पगार बिलं जुळवण्याचा होता. बदली यंत्र घडवण्याचा नव्हता. त्या तीन आठवड्यांत बाई प्रत्यक्षात सल्लागाराचं काम करत होत्या. तेच काम करायला बाहेरची कंपनी आली असती तर बिल किती झालं असतं?

---

शून्यअनुभव · बुधवार, संध्याकाळी ७:३०

वजाबाकीताई, त्या बाई आता काय करतात? आणि वही कुठे आहे?

---

वजाबाकी · बुधवार, रात्री १०:५५

सगळ्यांचे आभार. हातोडींचेही, खरंच. "कंपनीची वही" हे तुम्ही लिहिलंत तेव्हा मला कळलं की मी मनातल्या मनात हेच म्हणून सुटत होते.

त्या एका लहान फर्ममध्ये अर्धवेळ जातात, हिशोबच बघतात, पगार बराच कमी. वही त्यांनी जाताना माझ्या टेबलावर ठेवली. "तुला लागेल" म्हणाल्या. माझ्या खणात आहे.

सहीशिक्काकाका, तुमचं 'यंत्र येण्याच्या वेळी' हे डोक्यात बसलं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या विभागाचा बॉट मंजुरीला जातोय, फॉर्म मीच भरते. त्यात आजवर 'अपेक्षित तास-बचत' एवढाच रकाना असायचा. त्याखाली मी तीन ओळी घातल्या आहेत: हे तास कोणाचे आहेत (कंत्राटी धरून), त्या लोकांना नोटिशीआधी किती महिने मिळणार, आणि ज्यांच्याकडून नियम शिकून घेणार त्यांना त्या कामाचे वेगळे पैसे किती. शून्यअनुभव, चौथी ओळ तुमच्यामुळे घातली: न जुळणाऱ्या बिलांपैकी काही बिलं नव्या मुलाने हाताने सोडवायची, शिकण्यासाठी, आणि तो वेळ बचतीतून वजा धरायचा. वरिष्ठांनी फॉर्म परत पाठवलाय, 'टेम्पलेटप्रमाणे भरा' म्हणून. उद्या त्याच ओळी घालून पुन्हा पाठवते.

आणि आज क्यूमध्ये १९ बिलं अडकलीत. अठरांची कारणं सापडली. एकोणिसावं एका जुन्या पुरवठादाराचं आहे, रक्कम बरोबर, नंबर बरोबर, तरी बॉट ते बाजूला ढकलतोय. वहीत त्याच्या नावापुढे फक्त एक बाण आणि प्रश्नचिन्ह आहे. मी ते नियमांत उतरवलंच नव्हतं, कारण काय लिहायचं ते विचारायचं राहून गेलं.

---

सहीशिक्का · बुधवार, रात्री ११:१०

फोन करण्याआधी त्यांच्या तासाचा दर ठरवून साहेबांची सही घ्या. मग फोन करा.

---

वजाबाकी · गुरुवार, दुपारी १२:०५

सकाळी मेल टाकला. "एका बिलासाठी सल्लागार?" असं उत्तर आलंय. बिलाची रक्कम जोडून परत पाठवलाय.